‘प्लेअर पियानो’मधील फितीवरचा हात : यंत्रमानवाच्या शिक्षणाच्या संदर्भात एका कादंबरीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट (१९२२-२००७) यांची ‘प्लेअर पियानो’ ही पहिली कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. यंत्रांनी बहुतेक कामे हाती घेतलेल्या भावी अमेरिकेचे चित्र तीत आहे. उत्पादन विपुल आहे, कोणी उपाशी नाही. परंतु व्यवस्थापक आणि अभियंते यांचा लहानसा वर्ग वगळता इतरांना करण्यासारखे अर्थपूर्ण काम उरलेले नाही. १९५४ मध्ये या कादंबरीची स्वस्त आवृत्ती ‘युटोपिया १४’ या नावाने निघाली. अल्डस हक्स्ली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ (१९४९) या कादंबऱ्यांच्या पंक्तीत तिला बसवण्याची प्रथा समीक्षेत रूढ आहे. १९७३ सालच्या एका मुलाखतीत खुद्द व्हॉनेगट यांनीही आपण कथानक हक्स्ली यांच्याकडून उचलले आणि हक्स्ली यांनी ते येव्गेनी झाम्यातिन यांच्या ‘आम्ही’ या कादंबरीवरून उचलले होते, असे मिस्कीलपणे सांगितले होते.

हे वर्गीकरण चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. भविष्यातील भयावह समाजाचे चित्र म्हणून कादंबरी वाचली की तिच्या पहिल्याच प्रकरणातील एका प्रसंगाकडे दुर्लक्ष होते. एका कुशल कामगाराच्या हाताच्या हालचाली फितीवर उतरवून घेऊन यंत्राला त्याचे काम शिकवले जाते, असा तो प्रसंग आहे. माणसाने करून दाखवावे आणि यंत्राने त्यावरून शिकावे, ही आज यंत्रमानवशास्त्राची एक प्रमुख शाखा झालेली आहे. त्यामुळे या प्रसंगाचा नव्याने विचार होणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात असे मांडण्याचा प्रयत्न केला आहे की, फितीत काय मावते याविषयीचा या प्रसंगामागचा समज तांत्रिकदृष्ट्या टिकणारा नाही. मात्र शिकवणारा माणूस आणि त्याची विद्या नोंदवून घेणारी व्यवस्था यांच्यातील नात्याचे त्याने केलेले निदान आजही अचूक आहे. शिवाय पहिल्या प्रकरणातील हा समज कादंबरी आपल्या शेवटच्या प्रकरणात स्वतःच दुरुस्त करते.

रूडी हर्ट्झचा प्रसंग

कादंबरीचा नायक डॉ. पॉल प्रोटियस हा इलियम या काल्पनिक शहरातील प्रचंड कारखान्याचा प्रमुख आहे. एका जुन्या इमारतीतील लेथ यंत्रांपाशी उभा असताना त्याला कित्येक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. पॉल, फिनर्टी आणि शेफर्ड हे तीन तरुण अभियंते नोंदणीचे उपकरण घेऊन आले होते. त्यांनी फोरमनला त्याचा सर्वांत चांगला कामगार कोण असे विचारले आणि फोरमनने रूडी हर्ट्झकडे बोट दाखवले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या रूडीने नेहमीप्रमाणे दांडा कातून दाखवला. त्याच्या हालचाली फितीवर उतरल्या. पुढे त्या एका फितीवर कितीही लेथ कितीही दांडे कातू शकणार होते.

या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणताही खलनायक नाही. अभियंते उत्साही आणि मनमिळाऊ आहेत. रूडीलाही आपल्यावर अन्याय झाला असे वाटत नाही. उपकरणाचे प्रयोजन त्याला पुरते उमगलेले नाही, पण हजारो कामगारांमधून आपली निवड झाली याचा त्याला अभिमान आहे. ज्या क्षणी त्याच्या कसबाचा सर्वोच्च गौरव होतो, त्याच क्षणी त्याची गरज संपते. सन्मान आणि विसर्जन एकाच कृतीत घडवून आणणे, हे व्हॉनेगट यांच्या उपरोधाचे खरे सामर्थ्य आहे.

पॉलच्या स्मृतीत रूडीविषयी आणखी काही तपशील आहेत. मोठ्या हातांचा, काळ्या नखांचा, ठेंगणा व सौजन्यशील माणूस. मूलबाळ नसल्याने कुत्र्यावर माया करणारा. प्रत्येकाने रोज रात्री बायबलमधील एक वचन वाचले तर जग तरेल असे मानणारा. यांतले काहीही फितीवर नाही. त्या दुपारी रूडी काय बोलला होता, हेही पॉलला आठवत नाही. हात जतन झाला आणि आवाज हरवला. शिवाय रूडी बहुधा मेला असावा, असे पॉल गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो नदीपलीकडील होमस्टेड या वस्तीत जिवंत असतो. पुढे तेथील दारूच्या गुत्त्यात दोघांची गाठ पडते, तेव्हा रूडी पॉलच्या सन्मानार्थ आपोआप वाजणाऱ्या पियानोत नाणे टाकतो. वादक नसताना पट्ट्या खालीवर होतात आणि तेथे एखादे भूत बसले आहे असा भास होतो. कादंबरीचे नाव या प्रसंगाशी निगडित आहे. आपल्याच भुताकडे पाहणारा माणूस, हे या कादंबरीचे मध्यवर्ती रूपक मानावे लागेल.

कादंबरीमागील कारखाना

हा प्रसंग निव्वळ कल्पनेतून उतरलेला नाही. व्हॉनेगट १९४७ ते १९५१ या काळात न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीस होते. त्यांचे बंधू बर्नार्ड त्याच कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. कुशल कामगाराने यंत्र चालवायचे, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढे फितीने यंत्र चालवायचे, या ‘रेकॉर्ड-प्लेबॅक’ पद्धतीचे प्रयोग या कंपनीत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले होते. याच सुमारास नॉर्बर्ट वीनर यांचा ‘सायबरनेटिक्स’ (१९४८) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४९ मध्ये वीनर यांनी मोटार कामगार संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून स्वयंचलनाच्या सामाजिक परिणामांचा इशारा दिला होता. कादंबरीत वीनर यांचा नामोल्लेखही येतो.

या पद्धतीचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. तंत्रज्ञानाचे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ (१९८४) या ग्रंथात तो इतिहास तपशीलवार मांडला आहे. रेकॉर्ड-प्लेबॅक मागे पडले आणि सांख्यिक नियंत्रणाची पद्धत पुढे आली. अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विकसित झालेल्या अशा यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ मध्येच, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, झाले. या पद्धतीत कामगाराचा हात लागतच नाही. आराखड्यावरून गणित करून सूचना कार्यालयात तयार होतात. नोबल यांचे प्रतिपादन असे की, व्यवस्थापनाला ही पद्धत अधिक पसंत पडण्यामागे केवळ कार्यक्षमतेचा विचार नव्हता. रेकॉर्ड-प्लेबॅकमध्ये यंत्राला शिकवणारा कामगारच राहत होता, आणि नेमके तेच व्यवस्थापनाला नको होते.

नोबल यांच्या प्रतिपादनाला अर्थात मर्यादा आहेत. विमानांचे काही वक्र भाग इतके गुंतागुंतीचे असतात की ते हाताने कातून दाखवणे कुशल कामगारालाही कठीण जाते. तेथे गणिताला पर्याय नव्हता. तरीही या इतिहासातून कादंबरीवर वेगळा प्रकाश पडतो. व्हॉनेगट यांनी कामगाराच्या अधःपाताचे साधन म्हणून जी पद्धत निवडली, ती प्रत्यक्षात कामगाराला थोडेफार स्थान देणारी होती. म्हणजेच दोष फितीत नव्हता. फित कोणाच्या ताब्यात राहणार, या व्यवस्थेत होता. कादंबरीत रूडी आपली फित घरी नेत नाही, तिच्यात सुधारणा करत नाही, दुसऱ्या दांड्यासाठी दुसरी फितही तयार करत नाही. एका दुपारीच त्याचे शिक्षकपण संपते.

हालचाल आणि कसब

आता फितीत नेमके काय मावते, या प्रश्नाकडे वळता येईल. एखादे काम सरावाने साधले की मराठीत ‘हात बसला’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार सूक्ष्म आहे. बसलेला हात नेहमी एकसारखाच फिरतो, असा त्याचा अर्थ नाही. प्रसंग बदलला तरी तो चुकत नाही, असा आहे. लेथवरील कामगार टूलची धार गेल्याचे आवाजावरून ओळखतो. ओतीव लोखंडात कठीण गाठ लागली तर हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून तो वेग कमी करतो. निघणाऱ्या किसाचा रंग पाहून धातू किती तापला हे त्याला कळते. फितीवर उतरते ती या सर्व निर्णयांची एका विशिष्ट दुपारची निष्पत्ती. निर्णयशक्ती उतरत नाही. दुसऱ्या दिवशी लोखंड वेगळे निघाले तर फित कालचाच हात फिरवील.

मायकेल पोलान्यी यांनी ‘पर्सनल नॉलेज’ (१९५८) आणि ‘द टॅसिट डायमेन्शन’ (१९६६) या ग्रंथांतून अशा अव्यक्त ज्ञानाची चर्चा केली आहे. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक त्याला कळत असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यात एक भर घालावी लागेल : माणसाला जेवढे करून दाखवता येते, त्याहूनही अधिक त्याला येत असते. निष्णात माणूस दाखवताना चुकत नाही. म्हणून चूक झाल्यावर काय करावे, हे त्याच्या प्रात्यक्षिकात येतच नाही. पहिल्या प्रकरणात मात्र रूडीचे सारे कसब फितीत सामावले, असे गृहीत धरलेले दिसते. रूडीचा स्वभाव, श्रद्धा आणि माया फितीबाहेर राहिल्याची खंत तेथे आहे. पण त्याचे कसबही बरेचसे फितीबाहेरच राहिले, याची जाणीव तेथे नाही. अभियंत्यांचा दावा कादंबरीने येथे फारसा तपासून न पाहता स्वीकारला आहे.

यंत्रमानवाच्या शाळेतील अनुभव

कादंबरीनंतरच्या सात दशकांतील संशोधनाने हीच मर्यादा वेगवेगळ्या रूपांत समोर आणली आहे. ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याला शिकवण्यासाठी त्याचा हात एकेका जागी नेऊन ती जागा नोंदवली जाई. रूडीच्या फितीचेच ते पुढचे रूप होते. वस्तू ठरलेल्या जागी असेल तोवर काम बिनचूक होई.

माणसाच्या कृतीवरून नियम शोधण्याचा प्रयत्न पुढच्या पिढीने केला. कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘अल्विन’ ही प्रणाली तयार केली. माणूस गाडी चालवत असताना समोरचा रस्ता आणि चाकाचे वळण यांचा संबंध ती शिकत असे. येथे एक अडचण उभी राहिली. चांगला चालक गाडी रस्त्याच्या मध्यावरच ठेवतो. त्यामुळे गाडी कडेला गेल्यावर ती सावरायची कशी, याचा धडा यंत्राला मिळतच नाही. पॉमरलो यांना रस्त्याची चित्रे कृत्रिमरीत्या सरकवून ती परिस्थिती निर्माण करावी लागली. गुरू जितका निर्दोष, तितका त्याचा पाठ अपुरा, असा हा विरोधाभास आहे.

याच विद्यापीठातील स्टेफान रॉस, जेफ्री गॉर्डन आणि ड्र्यू बॅग्नेल यांनी २०११ मध्ये या अडचणीवर एक नेटका उपाय मांडला. केवळ नकलेतून शिकलेले यंत्र एकदा किंचित चुकले की अनोळखी परिस्थितीत जाते, तेथे अधिक चुकते, आणि काम जितके लांब तितक्या या चुका झपाट्याने साचत जातात. त्यावरील उपाय असा : यंत्राला स्वतः काम करू द्यावे, ते जेथे जाऊन पोहोचेल तेथे योग्य कृती कोणती हे माणसाला विचारावे, आणि ते उत्तर शिक्षणात समाविष्ट करून पुन्हा काम करू द्यावे. स्टॅनफर्ड विद्यापीठात पीटर अबील आणि अँड्र्यू इंग यांनी २००४ मध्ये मांडलेल्या शागिर्दी पद्धतीच्या शिक्षणाची दिशा वेगळी होती. उस्तादाच्या हालचालीची नक्कल करण्याऐवजी त्याला काय साधायचे आहे, हे ओळखण्यावर तिचा भर होता. पुढे लहान हेलिकॉप्टरच्या कसरतींवर ती यशस्वीपणे वापरली गेली.

या दोन्ही मार्गांचा अर्थ आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्यात गुरूला शिष्याच्या चुकीपाशी हजर राहावे लागते. दुसऱ्यात शिष्याला गुरूचा हेतू समजून घ्यावा लागतो. एकदा दाखवून निघून जाणे दोन्हींत बसत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सादर केलेल्या ‘अलोहा’ या दोन हातांच्या स्वस्त प्रणालीने सुमारे ५० प्रात्यक्षिकांवरून विजेरी बसवण्यासारखी नाजूक कामे शिकून दाखवली, ही प्रगती निःसंशय मोठी आहे. कॅमेऱ्यातून मिळणाऱ्या दृश्यानुसार हालचाल बदलणारे हे यंत्र रूडीच्या फितीसारखे आंधळे नाही. परंतु ज्या परिस्थितीचे प्रात्यक्षिक मिळाले नाही, तेथे ते अडखळते आणि माणसाला पुन्हा बोलवावे लागते.

असे असूनही या व्यवस्थेत शिकवणाऱ्याचे स्थान काय, हा व्हॉनेगट यांचा प्रश्न सुटलेला नाही. २०१२ मध्ये बाजारात आलेला ‘बॅक्स्टर’ हा यंत्रमानव कारखान्यातील सामान्य कामगाराने मनगट धरून शिकवावा, अशा कल्पनेने बनवला होता. कामगार तेथे यंत्राशेजारीच राहणार होता. त्याची निर्मिती करणारी कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. दुसरीकडे, २०२३ मध्ये अनेक संस्थांनी एकत्र येऊन उभारलेल्या ‘ओपन एक्स-एम्बॉडिमेंट’ या संग्रहात २२ प्रकारच्या यंत्रमानवांच्या दहा लाखांहून अधिक कृतींची नोंद आहे. यंत्रांचे प्रकार मोजले गेले, कृती मोजल्या गेल्या. त्यांपैकी असंख्य कृतींमागे जे हात होते त्यांची गणती या आकड्यांत येत नाही. निदान रूडीचे नाव तरी पॉलच्या लक्षात होते.

कादंबरीची आत्मदुरुस्ती

या पार्श्वभूमीवर कादंबरीचा शेवट पुन्हा वाचायला हवा. बंडखोर जमाव इलियममधील यंत्रांचा विध्वंस करतो. त्यानंतर थोड्याच वेळात रेल्वेस्थानकावर लोक एका मोडक्या पेययंत्राभोवती जमतात आणि ते दुरुस्त करू लागतात. ते पेय कोणाला फारसे आवडत नसते, तरीही यंत्र सुरू होताच सर्वांना आनंद होतो. यंत्रामागे बड कॅल्हून असतो. आपलेच काम करणारे उपकरण स्वतः शोधून त्यामुळे नोकरी गमावलेला हा कल्पक माणूस म्हणजे रूडीचाच दुसरा अवतार आहे.

माणूस चुकांमधून काहीच शिकत नाही, ज्याने गुलाम केले तेच तो पुन्हा उभे करतो, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येतो आणि तो कादंबरीच्या निराश स्वराशी जुळतोही. परंतु तेथे लोकांच्या हातांना कोणते काम मिळाले, याकडे पाहिले तर दुसरा अर्थ हाती लागतो. दुरुस्ती हे काम फितीवर नोंदवता येत नाही, कारण प्रत्येक मोडतोड वेगळी असते. जेथे ठरलेली हालचाल संपते तेथे दुरुस्ती सुरू होते. पहिल्या प्रकरणात रूडीचे कसब फितीत मावले असे सांगणारी कादंबरी, न मावलेले कसब शेवटी स्थानकावरच्या गर्दीत जिवंत दाखवते. हा शेवट केवळ उपरोध म्हणून वाचला, तर कादंबरीची ही आत्मदुरुस्ती नजरेतून निसटते.

अर्थात कादंबरीची एक उणीव राहतेच. रूडी आपल्याला प्रामुख्याने पॉलच्या नजरेतून दिसतो. त्याला स्वतःचा दृष्टिकोन दिलेला नाही. ज्याचा आवाज फितीने घेतला नाही, त्याला कादंबरीनेही फारसे बोलू दिलेले नाही. पॉलचे विस्मरण ही व्हॉनेगट यांची जाणीवपूर्वक योजना आहे असे मानले, तरी व्यवस्थापकाच्या पश्चात्तापाला मिळालेली जागा कामगाराच्या अनुभवाला मिळाली नाही, हे नाकारता येत नाही.

समारोप

‘प्लेअर पियानो’ ही यंत्रे माणसाला हटवतील असे भाकीत करणारी कादंबरी आहे, असे म्हटले जाते. उपरोक्त विवेचनावरून तिचा गाभा अधिक नेमका आहे, असे म्हणता येईल. यंत्राने माणसाकडून शिकण्यात काही गैर नाही. शिकवणाऱ्याला शिक्षक न मानता केवळ सामग्री मानणे, हा तिचा आक्षेप आहे. यंत्रमानवशास्त्राचा अनुभवही याला पूरक आहे. चांगले शिक्षण साधायचे तर करून दाखवणारा माणूस शिष्याच्या चुकांपाशी उपस्थित हवा, हे तांत्रिक कारणानेच सिद्ध झाले आहे. तंत्राला ज्याची गरज पुन्हा पुन्हा पडते, त्याला व्यवस्थेने एका दुपारीच निरोप द्यावा, ही विसंगती १९५२ मध्ये होती आणि आजही आहे.

ही विसंगती कारखान्यापुरती मर्यादित नाही. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालयीन अध्यापकांची असंख्य व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित झाली. दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत उत्तम व्याख्यान पोहोचावे, हे इष्टच आहे. परंतु मुद्रित व्याख्यान एका विशिष्ट तासाची निष्पत्ती असते. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिल्यावर ती चूक कोठून आली हे ओळखणे, त्याच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून उदाहरण बदलणे, हे त्या मुद्रणात नसते. उत्कृष्ट व्याख्यात्याची निवड करून त्याचे मुद्रण करणे हा गौरव आहे. त्या मुद्रणामुळे वर्गातील अध्यापकाची गरज उरली नाही असे मानणे, ही रूडी हर्ट्झच्या दुपारची पुनरावृत्ती ठरेल. म्हणून कोणत्याही विद्येची नोंद करताना दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे : या नोंदीत काय उतरले नाही, आणि ते ज्याच्यापाशी आहे त्याला पुढच्या कामात स्थान आहे काय?